अकरा जणांची कॉफी

या, बसा. बूट तिकडं काढा. ती खुर्ची ओढून घ्या, डुगडुगते जरा, पण पाडत नाही कुणाला. मघाशी तुम्ही म्हणालात ना, की इथली माणसं किती चांगली, कुणी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही? त्यावरून एक गोष्ट सांगतो. टाउनोची. आधीच सांगून ठेवतो, गोड नाही हं. नंतर म्हणाल, कॉफी पाजून म्हाताऱ्यानं रडवलं.

टाउनो पेल्कोनेन म्हंजे तळ्याच्या पलीकडचं शेवटचं घर. वय चौऱ्याहत्तर. सगळी हयात जंगलात लाकूड तोडण्यात गेली, डाव्या हाताची दोन बोटंही त्यातच गेली. बायको जाऊन बारा वर्षं झालेली. एकुलता एक पोरगा यार्को, तो लांब तुर्कस्तानात, इझमीरला जहाजांच्या गोदीत वेल्डर. तिथंच त्यानं लग्न केलं, तिथंच मुलगी झाली आणि तिथंच पोटाच्या दुखण्यानं गेला. टाउनोनं सून पाहिली ती फोनच्या काचेवर. नातही तशीच.

पोरगा जाऊन वर्ष व्हायला आलं तशी ती सून, नुरहान, सहा वर्षांच्या देफ्नेला घेऊन जूनमध्ये इकडं आली. पंधरा दिवसांसाठी. यार्कोनं दोघींना आमची भाषा शिकवलेली. आईची जरा लंगडत चालायची, पोरीची मात्र पळायची. आल्या दिवशीच नुरहाननं बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी आडपडदा ठेवत नाही. तिकडं बहिणीच्या दोन खोल्यांत आम्ही सात जणं राहतो. इथं पोरीच्या बापाचं घर आहे, शाळा आहे. माझा जीव इथं रमेल असं वाटलं, तर आम्ही राहू. नाही वाटलं, तर पुढच्या सोमवारनंतरचा जो सोमवार, त्या दिवशीच्या बसनं जाऊ."

टाउनो म्हणाला, "हं."

बाकी काही नाही. पण त्याला 'बाबा' म्हणणारं माणूस ह्या गावात दुसरं नव्हतं. इथं शेंबडं पोरसुद्धा त्याला टाउनो म्हणतं. त्या एका शब्दानं म्हातारा आतून हलला. दुसऱ्या दिवशी उठला आणि पलीकडच्या गावातली शाळा बंद पडली होती ना, तिथनं देफ्नेसाठी एक लहान बाक घेऊन आला. रंधा मारला, दोनदा रंग दिला, निळा. आणि लाकडाच्या खोपीत ताडपत्रीखाली झाकून ठेवला. नुरहानला दाखवला नाही. का, तर बाक बघून बाईवर दडपण येईल. तिनं तिच्या मनानं ठरवावं. आहे की नाही? दुसरा कुणी असता तर आधी बाकच दाखवला असता.

आता नुरहानचं ऐका. तिला गाव आवडलं. तळं आवडलं, रात्र होत नाही याची मजा वाटली. पण दुकानात रांगेत ती पुढच्या माणसाच्या पाठीशी जाऊन उभी राहिली, तर तो माणूस एक पाऊल पुढं सरकला. ही सरकली, तो परत सरकला. असं करत करत त्यानं स्वतःचा नंबर सोडला आणि जाऊन माशांचे गळ बघत बसला. शेजारची आउने रस्त्यात भेटली, तर हिनं तिला मिठी मारून दोन्ही गालांचे मुके घेतले. आउने फळीसारखी ताठ. घरी जाऊन म्हणे अर्धा तास पलंगावर पडून होती. वाईट नाही वाटलं तिला, नुसती दमली.

बारा दिवस झाले. घरात चौथं माणूस आलं नाही. तेराव्या दिवशी सकाळी भांडी घासताना नुरहाननं विचारलं, "बाबा, माझा नवरा गेलाय हे ह्या लोकांना माहीत आहे ना?"

"सगळ्यांना."

"मग कुणी आलं कसं नाही?"

"म्हणून तर येत नाहीत," टाउनो म्हणाला. "दुःखातल्या माणसाला त्रास देत नाहीत."

नुरहाननं घासलेलं पातेलं परत घासायला घेतलं. "आमच्या गल्लीत यार्को गेला तेव्हा चाळीस दिवस माझ्या घरात चूल पेटली नाही. रोज कुणीतरी डबा आणायचं. मी हाकललं तरी जायच्या नाहीत बाया. मला त्यांचा राग यायचा, बाबा. पण इथं बारा दिवस झाले, मला माझ्याच चपलेचा आवाज ऐकू येतोय. पोरीला अशा ठिकाणी ठेवू मी?"

टाउनोनं टोपी घातली, मोपेड काढली आणि त्यानं आयुष्यात केलं नव्हतं ते काम करायला निघाला. घरोघर आमंत्रण.

पहिली आउने. ती वाफ्यात बटाट्याला माती लावत होती.

"रविवारी दोन वाजता माझ्याकडे कॉफी."

आउनेनं खुरपं खाली ठेवलं. "कोण गेलं?"

"गेला तो गेल्या वर्षी. सून आलीय."

"माहितीये. करड्या रंगाची बॅग आहे तिची. एक चाक मोडलंय."

"मग ये की."

"तिला त्रास नाही ना व्हायचा?"

"तू येत नाहीस ह्याचा त्रास होतोय तिला."

"अगं बाई!" आउने म्हणाली. "हे कसलं दुखणं? बरं, येते. केक आणू?"

"आण."

"मुका घेईल का परत?"

"घेईल."

आउनेनं जरा विचार केला. "दोनच ना? घेऊ दे."

असा तो दिवसभर फिरला. अकरा जणं हो म्हणाले. आणि इथला माणूस हो म्हणाला म्हंजे म्हणाला. बर्फ पडू दे, आग लागू दे, येणार. संध्याकाळी घरी येऊन टाउनो म्हणाला, "अकरा जणं येणार आहेत," आणि नुरहाननं टाळी वाजवली. पोरीला उचलून गरगर फिरवलं. म्हणाली, "अकरा! बाबा, अकरा जणांत मी राहीन हो. मला शंभर नकोत."

ऐकलंत ना? तिनं स्वतः म्हटलं. राहीन म्हणून.

रविवार उजाडला. कॉफीबरोबर खाण्याचे सात प्रकार मांडायची इकडची जुनी रीत. सहा केले तर म्हणतील, आटोपतं घेतलं. आठ केले तर म्हणतील, मिरवतोय. टाउनोच्या बायकोनंतर त्या घरात सात प्रकार कुणी मांडले नव्हते. म्हाताऱ्यानं वेलचीचे पाव केले, बेरी भरलेल्या पोळ्या केल्या, त्यातल्या अर्ध्या करपवल्या. नुरहाननं पालक आणि चीज घालून थरांची पोळी भाजली. सगळं मिळून सात झाले. टाउनोनं मयतीला जाताना घालायचा काळा सूट घातला. दुसरा नव्हताच.

पाहुणे यायचे म्हटल्यावर नुरहान शांत बसणार थोडीच! त्यांच्याकडे पाहुण्याआधी उंबरठा धुतात. तिनं पुढच्या दाराच्या पायऱ्या धुतल्या, अंगणातला बर्चच्या फांद्यांचा खराटा घेतला, खसाखसा झाडलं, आणि ओला खराटा निथळायला म्हणून दाराला तिरपा टेकवला. मग बादली घेऊन घराला वळसा घालून, तळ्याच्या बाजूच्या स्वैपाकघराच्या दारानं आत आली.

झालं. इथंच घात झाला.

आमच्याकडे जुन्या घरांना कुलूप लावत नाहीत. घरात माणूस नसलं की दाराला खराटा तिरपा टेकवून जायचं. लांबून दिसतं. बघितलं की माणूस परत फिरतो. दार वाजवायचं नाही, खिडकीतून डोकवायचं नाही. खराटा म्हंजे खराटा. पोलीससुद्धा परत जातो. हे बारा-तेरा दिवसांत कुणी नुरहानला सांगितलं नव्हतं, कारण हे सांगायचं असतं असं कुणाला वाटतच नाही. आकाश वर असतं हे तुम्ही कुणाला सांगता का?

पावणेदोनला गाड्या यायला लागल्या. आल्या आणि रस्त्याच्या वळणावरच थांबल्या. देफ्ने खिडकीत नाक लावून बसलेली. "उक्की, आले! पण आत का येत नाहीत?" उक्की म्हंजे आजोबा.

"दोन वाजले नाहीत अजून."

"मग गाडीत काय करतायत?"

"दोन वाजायची वाट बघतायत."

नुरहान हसली. "बाबा, तुमची माणसं वेडी आहेत." बऱ्याच दिवसांनी हसली. टाउनोनं कॉफीचं भांडं गॅसवर चढवलं. घरभर वास सुटला.

दोन वाजले. गाड्यांची दारं वाजली, धड धड धड. खडीवर पावलं आली. पुष्कळ पावलं. आली, पायऱ्यांपाशी थांबली.

देफ्ने उडी मारून दाराकडे धावली. टाउनोनं तिचा हात धरला. "थांब. त्यांना येऊ दे. पाहुण्याच्या अंगावर असं धावून जायचं नसतं, माणूस अवघडतो."

पोर थांबली. तिघंही दाराकडे बघत उभी. टाउनोनं टायची गाठ नीट केली. बाहेर कुणीतरी खाकरलं. कुणीतरी हळूच काहीतरी बोललं. मग पावलं वाजली, पण ती लांब जाणारी. एकेक गाडी सुरू झाली आणि गेली. कुणी घाई केली नाही. सगळं सावकाश, गुपचूप.

टाउनो खिडकीशी गेला तेव्हा आउनेची लाल गाडी वळणावरनं दिसेनाशी होत होती.

"काय झालं?" नुरहान म्हणाली. "कुठं चालले? बाबा, हाक मारा ना! पळा! मी पळू का?"

"नको."

"अहो, दारापर्यंत आले होते!"

"यायचं असतं तर आले असते," टाउनो म्हणाला, आणि खुर्चीवर बसला. "माणसानं ठरवलं नाही यायचं, तर त्याला ओढून आणायचं नसतं."

त्याच्या मनात काय आलं ते सांगू? त्याला वाटलं, परकी बाई म्हणून माघारी गेले. ज्या माणसांबरोबर त्यानं साठ वर्षं काढली त्यांच्याबद्दल त्याच्या मनात हे आलं, आणि तरी तो उठून विचारायला गेला नाही. फोन तिथंच भिंतीशी होता. अकरा पेले मांडलेले, सात ताटल्या भरलेल्या. कॉफी उकळून उकळून काळी पडली. देफ्नेनं एक पाव खाल्ला, मग दुसरा घ्यायला कुणाची परवानगी घ्यायची ते तिला कळेना, म्हणून तिनं घेतला नाही.

पाचच्या सुमाराला टाउनो जास्तीच्या खुर्च्या बाहेर ठेवायला निघाला. पुढचं दार ढकललं, तर बाहेर काहीतरी धाडकन पडलं. खाली बघतो तर खराटा. क्षणभर बघत राहिला आणि हसायला लागला. पोटापासून हसला. पोर घाबरून आईला बिलगली. तसाच खराटा हातात धरून आत आला. "नुरहान! ते परतले नव्हते गं! म्हंजे परतले, पण आपल्याला टाळून नाही. हा बघ, हा!" आणि त्यानं सगळं सांगितलं. एका दमात. एवढं तो वर्षात बोलला नसेल. सांगताना चेहरा पोरासारखा झाला होता. त्याला वाटलं, गाठ सुटली. आता सून कपाळावर हात मारेल, हसेल, आणि झालं गेलं विसरून जाईल.

नुरहाननं सगळं ऐकून घेतलं. मग हळू विचारलं, "मी टेकवला तो. मला माहीत नव्हतं."

"तुझी काय चूक? तुला कोण सांगणार?"

"कॉफीचा वास बाहेर जात होता ना, बाबा?"

"जात असेल."

"त्यांना तुम्ही बोलावलं होतं. दोन वाजता. वास येतोय. आणि अकरा माणसांतल्या एकालाही वाटलं नाही, दार उघडून बघावं? फोन करावा? आत काही झालं असेल तर?"

"ती रीत आहे," टाउनो म्हणाला. "खराटा असला की—"

"मी आत पडले असते तर? पोर पडली असती तर?"

टाउनोनं हातातला खराटा कोपऱ्यात उभा केला.

"मला वाटत होतं त्यांना आपण नको आहोत," नुरहान म्हणाली. "ते बरं होतं. राग आला असता, भांडले असते, उद्या एकेकीच्या घरी जाऊन विचारलं असतं. आता मी कुणाशी भांडू? कुणी वाईट नाहीच इथं."

बाईनं एक ताटली उचलली, परत ठेवली. मग जे बोलायचं नव्हतं ते बोलली. "यार्को पहिल्या वर्षी खेकसायचा. ह्या बायांना दार वाजवता येत नाही का, सरळ आत घुसतात, म्हणायचा. आणि शेवटच्या महिन्यात मला दार लावू द्यायचा नाही. लावलं तर अंथरुणातून उठायला बघायचा. जिन्यावर पाऊल वाजलं की विचारायचा, बाबा आले का?"

टाउनोचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तीन बोटांचा तो हात तिथंच राहिला. "त्यानं मला फोनवर सांगितलं होतं, येऊ नका. त्रास घेऊ नका, म्हणाला."

"हो. माझ्यासमोरच म्हणाला."

"म्हणून मी आलो नाही."

"तो म्हणाला, म्हणून?"

"म्हणाला म्हणून."

नुरहान त्याच्याकडे बघत राहिली. तिचा राग गेला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "मी उद्या जाते, बाबा. तुमच्यावर रागावून नाही. देफ्ने मघाशी दाराकडे धावली, तुम्ही थांब म्हणालात, आणि ती थांबली. आमच्या गल्लीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आणखी वर्षभर इथं राहिली, तर कुणी थांब म्हणायचीही गरज राहणार नाही."

टाउनोनं तरी एक केलं. फोन उचलला. आउनेला लावला.

"तो खराटा चुकून राहिला. आम्ही घरात होतो."

"होता?" आउने म्हणाली. "मी म्हटलं होतं बाकीच्यांना, कॉफीचा वास येतोय. पण खराटा होता. म्हटलं, यार्कोचं वर्ष आहे, काही झालं असेल, तिघं चर्चला गेले असतील. कशाला बोट घालायचं?"

"आता या सगळे."

"आता? पाच वाजून गेले रे. सगळ्यांची कॉफी झाली आपापल्या घरी. पुढच्या रविवारी करू की."

"ती उद्या सकाळी जातेय."

आउने चांगली बाई आहे हो, मनात काही नाही तिच्या. म्हणाली, "अरेरे. मग सामान बांधत असेल बिचारी. अशा वेळी आम्ही नको मध्ये यायला."

टाउनो म्हणाला, "हं." आणि फोन ठेवला.

सोमवारी नऊची बस. बस दुकानासमोर थांबते. टाउनोनं मोडक्या चाकाची बॅग दीड किलोमीटर हातात उचलून आणली. गाव तिथंच होतं सगळं, दुकानात. आउने होती, गळ बघत बसलेला तो होता, आठ-नऊ जणं असतील. पण निरोप हा घरच्यांचा असतो, त्याकडे बघू नये, म्हणून सगळे आत काचेच्या मागं रस्त्याकडे पाठ करून उभे. कुणी डबे बघतोय, कुणी बिया बघतोय. नुरहानला काचेतून सगळ्या पाठी दिसत होत्या. तिनं एकदा हात वर केला. पाठींना काय दिसणार?

बस आली. तिनं म्हाताऱ्याला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले. मग पायरीवर एक पाय ठेवून थांबली. "बाबा, काही म्हणायचंय?"

आता त्याला म्हणायचं होतं हो. रात्रभर तो पडल्या पडल्या तेवढं एकच जुळवत होता. थांब. एवढंच. पण तिनं ठरवलेलं होतं, आणि ठरवलेल्या माणसाला थांब म्हणणं म्हंजे त्याचा हात पिरगळणं. तो तसाच उभा. ड्रायव्हर वाट बघत होता. इथं ड्रायव्हरही घाई करत नाही.

"डाव्या बाजूला बसा," टाउनो म्हणाला. "ऊन लागणार नाही."

बस गेली. दुकानातले सगळे मग हळूहळू बाहेर आले आणि आपापल्या घरी गेले. कुणी त्याच्याशी बोललं नाही. माणसाला अशा वेळी एकटं सोडावं.

ह्याला आता तीन वर्षं झाली. ती म्हणाली होती, पोचल्यावर कळवते. पोचल्यावर तिनं कळवलं. त्यापुढं तुम्ही फोन करा असं ती काही म्हणाली नाही, म्हणून टाउनो करत नाही. तिकडं तिला वाटत असेल, म्हाताऱ्याला गरज नाही. तो निळा बाक खोपीत ताडपत्रीखाली तसाच आहे. म्हातारा गेल्या हिवाळ्यापासून बराच खंगलाय. धुराड्यातून धूर निघतो रोज, तेवढं आम्ही बघतो.

आता तुम्ही म्हणाल, मग तू का नाही करत फोन? मला कुणी सांगितलंय? तीस वर्षं झाली मला इथं, मीही ह्यांच्यातलाच झालो. त्या दिवशी खडीवर मीही होतो, खाकरलो तो मीच. पण तुम्ही अजून नवे आहात. परवा इस्तंबूलवरनं परत जाणार म्हणालात ना? तिथनं इझमीर जवळ. हा कागद घ्या, नंबर आहे नुरहानचा. टाउनोनं एकदाच हे सगळं मला सांगितलं, तेव्हा लिहून घेतला. तिला फोन लावा आणि म्हणावं, तूच कर, तो करणार नाही. ह्याआधी तिघांना दिला हा नंबर. तिघंही हो म्हणाले, आणि तिघंही आमच्यासारखेच सभ्य निघाले. तुम्ही तेवढे सभ्य होऊ नका. लावा फोन. लावाल ना?